पहिला घोट संत तोमासचा

मी ग्वाम्पा बोलतोय. म्हणजे तेरेरे हे गार पेय प्यायचा लाकडी पेला. माझ्यात येर्बा झाडाचा वाळवलेला पाला भरायचा, वर बर्फाचं पाणी ओतायचं आणि नळीने ओढायचं. एकाच पेल्यातून सगळे पितात, म्हणून सगळ्यांची मनं मला ठाऊक.

काकुपेच्या देवमायच्या देवळाजवळ एका कारागिराने सुगंधी लाकडातून मला कोरलं. नवस फेडायला आलेल्या प्रिमितिवाबाईंनी मला उचललं. त्यांच्या लेकीला, निल्दाला, नगरपालिकेच्या कर्मचारी विभागात कंत्राटी नोकरी लागली होती.

"एकटी पिऊ नकोस गं पोरी, वाटून पी," मला लेकीच्या हातात देत त्या म्हणाल्या. मग देवमायकडे वळून हात जोडले, "माझी पोर कायम होऊ दे. घरापासून इथवर पायी येईन."

कचेरीत निल्दा सकाळी माझ्यात पाणी ओतायची. पहिला घोट संत तोमासचा. तो पाल्यातच जिरू द्यायचा, कुणी प्यायचा नाही. मग ती एकेकाला भरून द्यायची. शिपाई असो की साहेब, कुणाला वगळायची नाही. कोण आज गप्प आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे तिला तिथेच कळायचं.

एकदा जीप चालवणारे सिरियाकोकाका आणि रजा मंजूर करणाऱ्या ओबदुलियाबाई यांचं बोलणं बंद झालं. वरून ताकीद द्यायची वेळ आली. निल्दा म्हणाली, "आज माझं मनगट दुखतंय हो. जो पिईल त्याने पुढच्याला भरून द्या."

ओबदुलियाबाईंनंतर नेमकी काकांची पाळी! बाईंनी नाक मुरडत मला भरलं.

"एवढंसंच पाणी? रजेसारखंच मोजून देतेस की!" काका म्हणाले.

"अर्ज वेळेवर दिला असता तर काठोकाठ दिलं असतं!"

"अगं, नातीचा बाप्तिस्मा होता माझ्या!"

"मग बोलायचं नाही का? तोंड कुठे होतं?"

"या नळीला लागलेलं!"

बाईंना हसू आवरेना. ताकीद राहिली बाजूलाच.

पुढे कायम जागा निघाली, पण एकच. परीक्षा घेऊन ती भरायची आणि कंत्राटं बंद करायची, असं ठरलं. जागा हुकली तर निल्दा घरी बसणार होती. कायदे पाठ करता करता तिचे डोळे सुजले. मुलाखतीला तिने मला पिशवीत घालून नेलं.

राजधानी असुन्सिओनहून मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "दोन कर्मचारी एकमेकांशी बोलत नाहीत. काय कराल?"

निल्दाने नियम धडाधडा सांगितला. मग हळूच म्हणाली, "पण बाई, त्याच्या आधी माझं मनगट दुखेल." आणि सगळी हकिकत सांगितली. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

फलकावर निकाल लागला तेव्हा काका जीपमधूनच ओरडले, "साहेबीणबाई, आता पाणी कोण ओतणार?"

"मीच! माझं मनगट बरं झालंय."

प्रिमितिवाबाई बोलल्याप्रमाणे पायी निघाल्या. त्यांना पाणी देता देता मीही पुन्हा देवमायच्या दारी पोचलो. त्यांच्या पायांना फोड आले होते, पण चेहरा कसा उजळला होता!

आता मला चीर गेली आहे, पितळी कडं घालून सांभाळलंय. कुणीतरी निल्दाला चकचकीत धातूचा पेला भेट दिला. तो कपाटात आहे. मी अजून तिच्या टेबलावर.

कधी आलात तर बसा. पहिला घोट मागू नका, तो संत तोमासचा. तुमचा आला की पोटभर प्या. आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला पुढचा तुमच्या हाताने भरून द्या. काठोकाठ हं!