मीटरच्या कोपऱ्यातलं चित्र

माणसाच्या मनातला मत्सर घालवण्याची ताकद फक्त विज्ञानात आहे. थोरल्या जावयांनी सेलमधली वीज मोजायचा मल्टिमीटर घेतला तो मात्र धाकट्यांकडे होता म्हणून.

चौदा वर्षं सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ थांबलं की हाक थोरल्यांनाच यायची. ते स्टुलावर चढत, सेल काढून तळहातावर चोळत, हलकेच चावत आणि "आहे अजून जीव" असा निकाल देऊन ड्रॉवरमध्ये जपून ठेवत. मग मेहुणीचं लग्न झालं आणि घरात एक स्वस्तातला, पिवळा, खेळण्यासारखा मीटर आला. मागोमाग धाकटे जावई.

"दादा, सेल चावू नका हो, आतलं रसायन तोंडात जायचं," धाकटे म्हणाले.

सासरे हसले. "किती गोड शब्दांत सांगतात, नाही?" थोरल्यांची बायको म्हणाली. त्या आठवड्यात थोरल्यांना जेवण गेलं नाही. त्यांनी मीटर आणला. काळा.

रविवारी घड्याळ थांबलं. सासऱ्यांनी ड्रॉवरमधून एक सेल काढला. "बघा हो कुणीतरी."

कुणीतरी! थोरल्यांनी तो झडप घालूनच घेतला.

"दादा, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात आहे. तशीच लावलीत तर सेल शॉर्ट होऊन तापेल."

"तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो, साडूभाऊ," म्हणत थोरल्यांनी वायर शेजारच्या भोकात घातली.

धाकट्यांच्या मीटरवर आलं एक पॉइंट दोन व्होल्ट. थोरल्यांच्या मीटरवर एक पॉइंट सहा.

"माझा जास्त दाखवतो," मुलाचे मार्क सांगावेत तशा आवाजात थोरले म्हणाले. "आणि हे कोपऱ्यात बॅटरीचं चित्र बघा. आपण बॅटरी मोजतोय हे याला आपसूक कळतं. तुमच्यात येतं?"

"नाही येत, दादा."

"कसं येणार! स्वस्तातला ना."

वर्षभरात एवढं गोड वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ते स्टुलावर चढले, सेल बसवला. सेकंदकाटा एकदा थरथरला आणि होता तिथेच राहिला.

खाली सासऱ्यांनी काळ्या मीटरच्या खोक्यातला, घडीही न मोडलेला कागद उलगडला आणि चष्मा लावून मोठ्यांदा वाचला. "मीटरची स्वतःची बॅटरी संपत आली की कोपऱ्यात असे चित्र दिसते. अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"उतरा," सासरे म्हणाले. "स्टूल त्यांना द्या."

धाकटे वर चढले आणि नवा सेल घ्यायला त्यांनी हात खाली केला.

ड्रॉवरमध्ये एकतीस सेल होते. त्यांत नवा एकही नव्हता.