फुले तोडू ये

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या बागेत, दगडी कमानीतून आत आलात की डाव्या हाताला मी दिसेन. माझ्या मागे काय आहे ते आत्ताच विचारू नका. ते मी शेवटी सांगेन.

ही बाग पूर्वी एका श्रीमंताच्या बंगल्याची होती. श्रीमंत गेला, बंगलाही गेला आणि बाग शहराला मिळाली. बागेतले सर्वांत जुने झाड गुलाबी फुलांचे होते. वसंतात पाने फुटायच्या आधीच ते इतके फुलायचे की फांदी म्हणून दिसायची नाही. मग सारे शहर त्याच्याखाली लोटायचे आणि जाताना मूठभर फुले ओरबाडून न्यायचे. त्या झाडाच्या राखणीसाठी मला बनवले.

पत्रा कापला, घासला, त्यावर शेंदरी अस्तर आणि मग पांढरा रंग चढवला. रंगाऱ्याने काळ्या अक्षरांत 'फुले तोडू नये' असे लिहायला घेतले. 'फुले' त्याने इतके ऐसपैस लिहिले की पुढे जागाच पुरेना. 'न' बिचारा अंग चोरून कसाबसा बसला. त्यात मला खांबावर बसवणाऱ्या फिटरने स्क्रूचे भोक नेमके त्या 'न'मध्येच पाडले.

"अहो, माझ्या अक्षराच्या पोटात भोक पाडलंत!" रंगारी कुरकुरला.

"मग कुठं पाडू? तुम्ही जागा ठेवलीय कुठं?" फिटर म्हणाला.

दोघांचेही खरे होते, म्हणून दोघेही तसेच निघून गेले.

माझी सुरुवातीची वर्षे मानाची होती. फुलाकडे गेलेला हात मला वाचून खाली यायचा. आया मुलांना दटावायच्या, "पाटी वाचलीस ना? हात मागे!" एक निवृत्त मास्तर तेवढे माझ्यावर नाराज असत. दर वसंतात ते माझ्यासमोर उभे राहून म्हणत, "'फुले' अनेकवचन आहे. 'नयेत' हवं. 'त' कुठाय?"

बागेचे माळीकाका हसून म्हणायचे, "मास्तर, फुलं जागेवर आहेत ना? मग 'त' नसला तरी चालतंय की."

पण पत्र्याला गंज धरायचाच. तो त्या भोकापासून सुरू झाला. 'न'खाली तपकिरी ओघळ आला, रंगाला फुगे धरले आणि एके दिवशी 'न' पापुद्र्यासारखा गळून पडला. उरले काय, तर 'फुले तोडू ये'.

माळीकाकांनी कचेरीत जाऊन सांगितले. "अहो, लोकांना कळतं तेवढं. चालवून घ्या," असे उत्तर मिळाले. काकांनी काही चालवून घेतले नाही. बहराच्या दिवसांत ते रोज सकाळी खिशातून खडू काढायचे आणि त्या रिकाम्या जागी 'न' लिहायचे. दवाने तो पुसला जायचा, काका दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे. लिहिताना मला चिडवायचे, "काय बाई, आजही नाही म्हणायला विसरलीस?" मला त्यांचा फार आधार होता.

मग काकांचे गुडघे गेले. मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. त्या वसंतात झाड नेहमीसारखेच फुलले, पण 'न' लिहायला कोणी आले नाही.

पहिल्यांदा एक लहान मुलगी आली. नुकतीच अक्षरे जुळवायला शिकली होती. बोट फिरवत तिने मला वाचले, "फु-ले... तो-डू... ये. आत्या, ही बघ, बोलावतेय!"

आत्या पोट धरून हसली. "पाटीच सांगतेय तर तोड बाई एखादं," म्हणाली आणि तिने दोघींचा माझ्यासोबत फोटो काढला. मुलीने एक फूल तोडले. मित्रांनो, तिचा काय दोष? तिने माझेच ऐकले होते.

तो फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेला आणि लोक झाड सोडून मलाच बघायला येऊ लागले. आयुष्यात माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते आणि मला इतकी लाजही कधी वाटली नव्हती. हातात मोडलेली डहाळी घेऊन माझ्याशेजारी उभे राहायचे, ही रीतच पडली. खालच्या डहाळ्या संपल्यावर दोघे तरुण मोठ्या फांदीला लोंबकळले. बाकीचे हसत होते. फांदी खाली आली ती अर्धे खोड सोलून घेऊनच. मला ओरडायचे होते. पण पाटीला लिहिलेले तेवढेच बोलता येते.

त्या जखमेत पाणी मुरले, कीड लागली. पुढच्या वसंतात झाड अर्धेच फुलले, त्यानंतर एखादीच डहाळी फुलली, आणि मग काहीच नाही. शेवटी ते कापून नेले.

फोटोमुळे कचेरीची शोभा झाली होती, त्यामुळे त्याच सुमारास मलाही नवा रंग मिळाला. या वेळी अक्षरे नीट मोजूनमापून लिहिली.

काही दिवसांनी मुलाचा हात धरून माळीकाका आले. झाड कापल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते बुंध्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग माझ्यापाशी आले आणि सवयीने त्यांचा हात खिशात गेला. खडू अजून तिथेच होता. त्यांनी मला सावकाश वाचले, बोटाने रिकामी जागा शोधली. ती नव्हती.

"मास्तरांचा 'त'सुद्धा आला की गं," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "चला बाबा." त्यांनी खडू परत खिशात ठेवला.

मित्रांनो, कुठे एखाद्या पाटीचे अक्षर गळलेले दिसले, तर हवे तर हसा. पण हसून झाल्यावर ते अक्षर लिहून पुढे जा. खडूनेही भागते.

माझ्या मागे आता एक बुंधा आहे. आणि माझ्यावर ठळक, शुद्ध अक्षरांत लिहिले आहे, 'फुले तोडू नयेत'.