नवव्या मुद्द्यावरची सही

आमच्या वर्कशॉपमध्ये दर शनिवारी सकाळी, यंत्रे सुरू होण्यापूर्वी, सुरक्षा तपासणी होते. तक्त्यात चौदा मुद्दे आहेत. ते मी तंत्रनिकेतनातून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा आखले, आणि तेव्हापासून प्रत्येक मुद्द्यापुढे माझीच सही होत आली. चार वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. मालकांनी या एवढ्या कामासाठी मला ठेवून घेतले.

नववा मुद्दा ग्राइंडरच्या चाकांचा. हे चाक मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेते. त्यात केसाएवढी चीर असेल तर ते एखाद्या दिवशी फुटते, आणि तुकडे कोणत्या दिशेला जातील हे कोणी सांगू शकत नाही. चीर बहुधा दिसत नाही, म्हणून ती ऐकावी लागते. चाक सुटे करून सळईवर टांगायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चार ठिकाणी हलकेच ठोकायचे. धड चाक कपाला चमचा लागावा तसे खणखणते. चीर गेलेले चाक ओल्या भिंतीसारखे थप्प वाजते.

असे एक चिरलेले चाक मी मुद्दाम जपून ठेवले आहे. त्याच्या बाजूला तांबडा पट्टा ओढलेला असून ते भांडारातल्या खुंटीवर असते. कामगार त्याला मुका म्हणतात. ग्राइंडरवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी भिंतीकडे तोंड करून उभे करतो, मुका आणि एक धड चाक उलटसुलट क्रमाने वाजवतो, आणि दहापैकी दहा ओळखल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाही. आमचे मापनाचे शिक्षक सांगत, काम मोजण्याआधी माप तपासा. तो नियम मी सर्वांना लावला; स्वतःला लावायचे राहून गेले.

गेल्या हिवाळ्यापासून घरी एक किरकोळ वाद चालू होता. पलंगाशेजारचे गजराचे घड्याळ वाजत नाही, असे माझे म्हणणे. पत्नीचे म्हणणे, ते वाजते.

"वाजून वाजून त्याचा घसा बसला," ती म्हणायची. "तुम्ही मात्र ढिम्म."

"सेल उतरला असेल."

मी सेल बदलला. महिन्याभराने पुन्हा बदलला. मग घड्याळ उघडून आतली पट्टी घासूनपुसून साफ केली. पत्नी दारात उभी राहून बघत होती.

"घड्याळ झालं असेल तर आता त्याच्या मालकाकडे बघा," एवढेच बोलून ती आत गेली.

मग एका शनिवारी धारवालीच्या ग्राइंडरला नवे चाक बसवायचे होते. धारवाली म्हणजे आमच्याकडची हत्यारांना धार लावणारी बाई. बारा वर्षे ती त्या एकाच यंत्रासमोर उभी आहे. तिचा चेहरा चाकापासून जेमतेम दीड वीत. जिभेलाही तिने तिथेच धार लावून घेतली असावी, असा सर्वांचा समज आहे.

मी नवे चाक सळईवर टांगले, चार ठिकाणी ठोकले, तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि सहीसाठी पेन टेकवले.

"मास्तर, परत वाजवा," धारवाली म्हणाली.

"का? घाई नाही वाटतं आज?"

"वाजवा तर खरं."

मी पुन्हा ठोकले. तिने मान तिरकी केली. "हे तर मुक्याचं सख्खं भावंड."

"बारा वर्षं झाली नाहीत तोवर मला शिकवायला लागलीस?"

"शिकवत नाही हो. पण यासमोर तोंड माझं असणार आहे."

मी खुंटीवरून मुका आणला. तिच्या यंत्रावरून उतरवलेले जुने चाक झिजले होते, पण धड होते, तेही घेतले. तिन्ही एका सळईवर टांगून ओळीने वाजवली. थप्प, थप्प, थप्प. तिन्हींमध्ये मला कणभरही फरक लागला नाही. हाच आवाज मी हिवाळ्यापासून धड चाकाचा समजत आलो होतो.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या भिंतीवर ग्रीसचा एक जुना डाग आहे. इतकी माणसे मी तिथे उभी केली, पण तो डाग मला प्रथमच इतक्या जवळून दिसला.

"दहा वेळा," मी म्हणालो. "मुका आणि जुनं चाक. क्रम तू ठरव."

तिने दहा वेळा वाजवले. मी दहा उत्तरे दिली.

"किती?"

"पाच."

नाणे उडवून सांगितले असते तरी साधारण तितकीच बरोबर आली असती.

धारवालीने चाके उतरवली आणि नवे चाक बाजूला ठेवले. मग आवाज खाली आणून काही बोलली. ते मला ऐकू आले नाही, म्हणून तिला मोठ्याने सांगावे लागले. "मी कोणाला सांगत नाही. दर शनिवारी मी वाजवीन, तुम्ही सही करा. कोणाचं काय बिघडतं?"

खरे सांगायचे तर तो विचार मलाही शिवून गेला. निवृत्त माणसाला शनिवारची एक सकाळ म्हणजे काय, हे निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. मालकांनी मला ठेवले होते ते माझ्या सहीसाठी. सही गेली की मीही घरी, त्या घड्याळासमोर.

"आणि तू रजेवर असलीस तर?" मी विचारले.

"तर नाही वाजवायचं."

"पण सही होईल. इतक्या वर्षांची सवय आहे हाताला." मी तक्त्यावरची बरोबरची खूण खोडली. "शिवाय आज तू बोललीस म्हणून कळलं. बोलली नसतीस तर हे चाक आता फिरत असतं."

तिने स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला.

मग पुढचे काम क्रमाने केले. हिवाळ्यापासूनचे तक्ते काढले. त्या काळात मी पास केलेली सात चाके होती. तीन झिजून टाकून दिलेली, चार अजून यंत्रांवर. चारही यंत्रांचे स्विच बंद करून त्यांना कुलपे लावली. चाके उतरवली. धारवालीने एकेक ठोकले, मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. चारही धड निघाली. मला हायसे वाटले, पण ते दैव होते आणि दैवासाठी तक्त्यात रकाना नाही.

नवव्या मुद्द्यापुढे मी लिहिले: "नवे चाक नापास. तपासणाऱ्याचा कान नापास." त्याखाली सही केली आणि तक्ता घेऊन जिना चढलो.

मालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला नोकरी दिली ती त्यांच्या वडिलांनी. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काका, हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"कोणाला कळलं नसतं."

"चाकाला कळलं असतं."

ते थोडे हसले, मग हसायचे थांबले. "मग आता?"

"नववा मुद्दा धारवालीकडे द्या. सहीसुद्धा तिचीच. चौथा मुद्दाही द्या, बेअरिंगच्या आवाजाचा. येताना जिन्यात लक्षात आलं, तोही कानाचाच आहे. उरलेले बारा डोळ्यांचे आणि हातांचे."

"डोळ्यांचं तरी खात्रीनं सांगता का?"

प्रश्न रास्त होता. "नाही," मी म्हणालो.

"मग कान आणि डोळे, दोन्हींचे डॉक्टरचे कागद आणा. तोवर तक्त्यावर तुमच्या आणि तिच्या, दोघांच्या सह्या. नंतर ठरवू."

त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटले असते.

घरी पत्नीला सांगितले, घड्याळ ठीक आहे. ती भाजी चिरत होती. "चला, निदान ते तरी पास झालं," ती म्हणाली, आणि कानाच्या डॉक्टरचा नंबर पुढे केला. तो तिने हिवाळ्यातच लिहून ठेवला होता.

डोळे ठीक निघाले. कानांचे वरचे सूर गेले आहेत, कानात घालायच्या यंत्राने थोडे परत येतील, सगळे नाहीत. मालकांनी बारा मुद्दे माझ्याकडे ठेवले, दर सहा महिन्यांनी कागद नवा करण्याच्या अटीवर. तक्त्यात आता पंधरावा मुद्दा आहे: तपासणाऱ्यांची तपासणी.

पुढच्या शनिवारी मी धारवालीला ग्रीसच्या डागासमोर उभे केले. मुका वाजवतो आहे की धड चाक, हे मला कानाने कळत नव्हते, पण तांबडा पट्टा दिसत होता. तेवढे पुरे होते. दहापैकी दहा. मग तिने सर्व चाके ठोकली आणि नवव्या मुद्द्यापुढे सही केली. सही दोन्ही बाजूंनी रकान्याबाहेर गेली.

"रकान्यात कर," मी म्हणालो.

"रकाना तुम्ही आखलाय. माझं नाव लांब आहे."

पुढच्या महिन्याच्या तक्त्यात मी तो रकाना अर्ध्या इंचाने रुंद केला.