शेवटचा फर्मा

"झालं? आली का ती परत?" बायकोने विचारलं.

"आली," बाइंडर म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीने. आईने दार उघडलं, दोघी उंबऱ्यातच रडत बसल्या. संपली कादंबरी."

बायकोने पाठीमागची उशी सारखी केली. "तुमच्या कादंबऱ्यांतल्या मुली फार गुणाच्या हो. एकूण एक घरी येतात."

वाचनालयातली फाटकी पुस्तकं घरी आणून शिवण्यात बाइंडरचं आयुष्य गेलं होतं. पुस्तक फाटतं ते शेवटाकडून. कादंबरी त्याच्या हातात यायची तेव्हा शेवटचा फर्मा, म्हणजे अखेरच्या पानांचा अख्खा जुडगा, कुणाच्या तरी घरी कपाटाखाली पडलेला असायचा. उरलं असेल तेवढं तो शिवायचा, खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि परत पाठवायचा. शेवट नाही म्हणून वाचक तोंडसुख घ्यायचे ते ग्रंथपालावर. बाइंडरला कोण विचारतं!

बायकोला दिसेनासं झाल्यावर तो तिला वाचून दाखवू लागला. पानं संपली की शेवट मनानेच जोडायचा. पहिल्यांदा सहज केलं, मग सवयच लागली. कादंबरी खुनाची का असेना, शेवटी कुणाची तरी मुलगी घरी यायचीच.

त्यांची आली नव्हती. भांडणाच्या भरात आई बोलून गेली होती, "गेलीस तर हे दार तुला बंद." पोरगी गेली. त्या दिवसापासून बायकोने दाराला कडी म्हणून लावू दिली नाही. रात्रंदिवस दार नुसतं लोटलेलं. चोर शिरतील म्हटलं, तर म्हणायची, "शिरू देत. नेऊन नेऊन काय नेतील, तुमची खळ?"

आज मात्र गंमत झाली होती. पुस्तकाची फक्त पाठ उसवली होती, शेवटचा फर्मा जागच्या जागी होता. आणि त्यात मुलगी खरोखरच परत येत होती. बाइंडरने आज एक अक्षरही पदरचं घातलं नव्हतं.

"अगं, खरंच छापलंय," तो म्हणाला. "आजचं पुस्तक पुरं आहे."

"असं तुम्ही मागच्या खेपेलाही म्हणाला होतात."

म्हणाला होता खरा. त्याने तिचा हात ओढून पुस्तकावर ठेवला. "हे बघ, हात लावून बघ. शेवटचं पान."

तिने पान चाचपलं, कडेवरून बोट फिरवलं. "पान आहे हो. पण त्यावर काय लिहिलंय ते तुम्हीच सांगणार ना?"

त्याने तिचा हात सोडला.

"अहो, दमले मी आता," ती म्हणाली. "दर वेळी कुणाची तरी पोर घरी येते, आणि मी आपली दाराकडे कान लावून बसते. एकदा तरी लिहिलंय तसं वाचा."

बाइंडरने चष्मा पुसला. समोर छापलेल्या ओळी स्वच्छ दिसत होत्या. त्याला फार वाईट वाटलं. उगाच एक पान मागे उलटून त्याने घसा खाकरला.

"'दिवस गेले. आई वाट पाहत राहिली. मुलगी काही आली नाही.'"

"पुढं?"

"पुढं काही नाही. समाप्त."

बायको पदराने डोळे टिपून म्हणाली, "हां. हे छापलेलं वाटतं."

"हं."

"कडी लावून घ्या आता."

तो उठला. इतक्या वर्षांत कडी गंजून गेली होती. त्याने जोर लावून ती दोनदा मागेपुढे केली, चांगली वाजेल अशी.

"लागली का?"

"लागली," तो म्हणाला, आणि दार तसंच लोटलेलं ठेवून खळ कालवायला बसला.