तिसरा दोरा

"कुठल्या शहाण्याने पॉइंट असा कोपऱ्यात दिलाय? माणसाने हात घालायचा कुठून आणि डोकं घालायचं कुठून!"

आवाज ओट्याखालच्या रिकाम्या खणातून येत होता. म्हाताऱ्या वायरमनचे नुसते पाय तेवढे बाहेर होते.

"तुम्हीच दिलाय," टॉर्च धरून बसलेली बायको म्हणाली. "लेकीने हे घर घेतलं तेव्हा."

पाय जरा थबकले. "मग बरोबरच दिला असेल."

लेक हसली. जावई मात्र हसला नाही. नवा ओव्हन जोडायला दुकानाचा माणूस येणार होता, सासऱ्यांनी परस्पर फोन करून त्याला नको म्हणून कळवलं होतं. जन्मभर लोकांची घरं जोडून दिली आणि लेकीच्या घरी परका माणूस पाना घेऊन येणार? ते काही त्यांना झेपलं नव्हतं.

"बाबा, तो संध्याकाळीही येईल. उगाच दमताय तुम्ही," जावई म्हणाला.

"दमायला मी काय ओव्हन डोक्यावर घेऊन नाचतोय?"

काम म्हाताऱ्याच्या रीतीनेच चाललं होतं. सकाळी आल्या आल्या त्याने फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला होता, म्हणजे कुणी मधेच उत्साहाने बटण दाबायला नको. टेस्टर आधी हॉलमधल्या चालू पॉइंटवर लावून पाहिला होता, कारण मेलेल्या टेस्टरला सगळंच मेलेलं दिसतं. मग इथे लावला. जुना ओव्हन सुटला, जावयाने ओढून बाहेर काढला, आणि सगळे जेवायला बसले. भिंतीतून तीन वायरी लोंबत राहिल्या. लाल, काळी आणि अर्थिंगची हिरवी.

बायको हात धुवायच्या निमित्ताने आधी उठली होती.

घरी करमत नाही म्हणून अलीकडे ती त्याच्या प्रत्येक कामावर सोबत जायची. जरा संधी मिळाली की पदराच्या गाठीतला शिवणाचा दोरा काढून वायरींना बांधायची. हिरवीला एक गाठ, लालला दोन, काळी मोकळी. तो चाचपून गाठी मोजायचा आणि बिनचूक जोडायचा. घरी परतताना दोघं रस्त्यातले खड्डे, भाजी, नातवाची सर्दी असं सगळं बोलायचे. दोऱ्याबद्दल त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

आता खणातली खुडबुड थांबली होती.

"काय झालं हो?"

आत बोटं एका वायरीवरून दुसरीवर गेली, परत पहिलीवर आली. बायको वाकली. टॉर्चच्या उजेडात काळ्या वायरीवरही दोरा होता. एका गाठीचा.

तिने लेकीकडे पाहिलं. लेक कानकोंडी झाली.

"मला वाटलं," ती पुटपुटली, "तुझी एक बांधायची राहिली."

जावई नव्या ओव्हनवरचं स्टिकर नखाने खरवडू लागला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"हिरवी तुमच्या डाव्या हाताला आहे," बायको अगदी सहज म्हणाली, जणू मीठ पुढे सरकवत होती.

डावा हात हलला नाही. हिरवीच्या जागी काळी लागली तर ओव्हनच्या पत्र्यात कधीतरी करंट उतरायचा, आणि त्याचं दार रोज उघडणार होती त्याची पोरगी. गिऱ्हाइकाच्या घरी त्याने असा विचार केला असता का, कोण जाणे. इथे केला.

तो सरपटत बाहेर आला. कुणी हात दिला नाही, दिला असता तरी त्याने घेतला नसता. ओट्याला धरून उभा राहिला, गुडघे झटकले. खिशातला फ्यूज काढून त्याने लेकीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"दुकानाच्या माणसाला बोलव. त्याचं होईपर्यंत हा कुणाला देऊ नकोस."

"अहो, तिथे अंधारच आहे तसा," बायको घाईघाईने म्हणाली. "टॉर्चचे सेलपण उतरलेत. मोठा दिवा आणला की..."

"उजेड भरपूर आहे," तो म्हणाला. "मला रंग दिसत नाहीत."