सकाळी घेतली

दुपारी सव्वा वाजता चौघांनी मिळून शिंप्याला इमर्जन्सीत आणलं, आणि पाचव्या मिनिटाला त्यांतले दोघे धापा टाकत दारापाशी जाऊन उभे राहिले. एवढासा किडकिडीत माणूस, पण कुणाला आवरेना. ट्रे उडाला, सलाईनचा स्टँड आडवा झाला. वॉर्डातले मामा त्याच्या पायांवर जवळजवळ बसलेच होते. घामाने सदरा चिंब, तोंडाने असंबद्ध बडबड.

"घेतलीय का यांनी?" डॉक्टरांनी विचारलं. या डॉक्टरांना सगळा स्टाफ पाठीमागे 'झटपट' म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, पण प्रश्न संपायच्या आत त्यांना उत्तर हवं असायचं.

"हो, घेतली ना," शिंप्याची बायको म्हणाली. "सकाळीच घेतली."

"रोज घेतात?"

"रोज. दोन वेळा, जेवणाआधी. त्यात कधी खाडा नाही त्यांचा."

मामांना त्या झटापटीतही हसू फुटलं. मोठ्या सिस्टरांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. त्यांचा धाकटा भाऊ असाच घ्यायचा, आणि त्याची बायकोही हे असंच, जणू कौतुक असल्यासारखं सांगायची. वास येत नव्हता म्हणा, पण त्या खोलीत स्पिरिटपुढे कसला वास लागतोय?

"दारूवर झोपेचं औषध नको, श्वास मंदावेल," झटपट म्हणाले. "शांत करायला हॅलोपेरिडॉल पाच, मांडीत."

आधी बोट टोचून साखर बघायची, मग बाकी सगळं, हा नियम सिस्टरांचाच. नव्या मुली तो विसरल्या की त्या त्यांना फाडून खायच्या. पण हा बाबा हात धरू देईना, आणि काय झालंय ते तर कळलंच होतं. त्यांनी मांडीत सुई खुपसली.

तीन मिनिटांत शिंपी शांत झाला.

"चला, सुटलो एकदाचे," मामा म्हणाले आणि पायांवरून उतरले.

सिस्टर सुटल्या नाहीत. बावीस वर्षं त्या हे इंजेक्शन देत होत्या. मांडीतलं औषध चढायला दहा-वीस मिनिटं जातात. तीन मिनिटांत ते कुणालाच लोळवत नाही. मग हा कशाने पडला?  त्या गर्रकन वळल्या.

"बाई, सकाळी काय घेतली यांनी?"

"गोळी. साखर कमी करायची. गोळी घेतली आणि शाळेचे गणवेश द्यायचेत म्हणून तसेच मशीनवर बसले. जेवलेच नाहीत."

बोट टोचलं. आकडा आला चोवीस, सत्तरच्या वर हवा तिथे. झटपटांचा चेहरा खर्रकन उतरला. शीर सापडली, ग्लुकोज गेलं, पुन्हा टोचलं तेव्हा एकशे चाळीस. आता शिंप्याने डोळे उघडायला हवे होते. त्याने उघडले नाहीत.

"औषधाची गुंगी असेल," झटपट म्हणाले.

असेलही. किंवा साखरेवाचून मेंदूला इजा झाली असेल. ते इंजेक्शन टोचलं नसतं, तर यातलं काय ते आत्ताच कळलं असतं. सिस्टरांना एका जागी उभं राहवेना. त्या नाडी बघत, बाहुल्यांवर टॉर्च मारत, हाका मारत, दुसऱ्या पेशंटकडे जात आणि अर्ध्यातून परत येत. गोळीचा असर उतरलेला नव्हता. साखर पुन्हा घसरू शकत होती. त्या दर पंधरा मिनिटांनी बोट टोचत होत्या.

"माझंच चुकलं हो," बायको रडत म्हणाली. "मीच नीट सांगायला हवं होतं."

झटपट कागदात डोकं घालून बसले. सिस्टरांना ते सहन होईना.

"नाही बाई. तुम्ही नीटच सांगितलंत. आम्ही दारू समजलो. साखर न बघता मी सुई मारली."

बायकोचं रडणं थांबलं. बावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं असं तिने सिस्टरांकडे पाहिलं. मग तिने स्टूल उचललं आणि सिस्टर आणि पलंग यांच्या मधोमध ठेवून त्यावर बसली.

चार वाजता शिंप्याच्या पापण्या हलल्या. सिस्टर झेपावल्या, पण बायकोने हात आडवा घातला.

"थांबा. आधी मी. अहो, ओळखलंत का? मी कोण?"

शिंप्याने जड जिभेने ओठ चाटले. "असं काय विचारतेस? आणि एवढी ओरडतेस का?"

ती ढसाढसा रडली. सिस्टरांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. बऱ्याच वेळाने बायकोने मागे न बघताच म्हटलं, "यापुढे काय टोचायचं ते आधी मला सांगायचं. पूर्ण वाक्यात."

पंधरा मिनिटं झाली होती. सिस्टर मशीन घेऊन स्टुलापाशी उभ्या राहिल्या.

"मी यांच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघणार आहे," त्या म्हणाल्या. 

बायकोने जरा विचार केला, आणि स्टूल बाजूला सरकवलं.