अर्ध्यावर अडकलेले शटर

मित्रांनो, सीमेलगतच्या एका गावात बँकेची शाखा आहे. तिच्या दारावरचे जुने लोखंडी शटर म्हणजे मी. आजही कोणी घाईने माझ्याखालून वाकून गेले, की माझ्या पट्टीपट्टीचा थरकाप उडतो. असे का, ते सांगते.

एका हुशार वेल्डरने मला जोडले. बँकेचे पहारेकरी मला फार जपत. सगळे त्यांना मामा म्हणत. ते रोज माझ्यावरची धूळ पुसत, स्प्रिंगला तेल घालत. "काय अलगद चालतं हो!" असे मॅनेजरबाई म्हणत, तेव्हा मी कोण खूश होई!

पुढे आत काचेचे दार बसले. दारापाशी नवे दिवे आले. मग माझ्याकडे कोण बघतो? तेलाचा खर्चही बंद झाला. मी कुरकुरू लागले. मामांनी बाईंच्या कानावर घातले.

"बघू हो मामा. चालतंय ना अजून?"

एका दुपारी सीमेवरचा नाका अचानक बंद झाला. ट्रक जागच्या जागी थांबले. आता बँकही बंद होणार, अशी आवई उठली आणि सगळा बाजार पैसे काढायला दाराशी लोटला. बाई घाबरल्या. "मामा, शटर अर्धं खाली घ्या!"

मी अर्ध्यावर आले आणि तिरके अडकले. धड वर नाही, धड खाली नाही. आत एक शिवणकाम करणारी बाई होती आणि तिची लहान लेक बाहेर गर्दीत चेंगरत होती. "आई!" म्हणत ती माझ्याखालून सरपटू लागली आणि माझी स्प्रिंग तुटून मी खाली कोसळू लागले. मित्रांनो, मला थांबायचे होते हो! थांबताच येईना.

मामांनी माझ्याखाली खांदा घातला. "ओढा पोरीला!"

इतका वेळ रेटारेटी करणारी माणसेच मला धरायला धावली. आईने लेकीला आत खेचले. पोरीला खरचटलेसुद्धा नाही. मामांचा हात मात्र पुन्हा कधी खांद्याच्या वर उचलला गेला नाही.

मॅनेजरबाई दवाखान्यात मामांच्या उशाशी रडल्या. "चुकलं माझं, मामा."

"माझं राहू द्या. आधी ते शटर दुरुस्त करा."

आता मला वेळच्या वेळी तेल मिळते. तरी जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून विनवते, मित्रांनो, एखादी वस्तू कुरकुरत असेल, तर तिच्याकडे तेव्हाच बघा. आम्हांला हाक मारता येत नाही. कुरकुर तेवढी येते.